विद्येचे ऋण आणि त्याची फेड

(रौप्यमहोत्सवानिमित्त बोरगाव मेघे येथे भरलेल्या पालक व तरुण ह्यांच्या सभेत धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने गतकाळाचे स्मरण करावे, वडीलधाऱ्यांच्या श्रमांचा गौरव करावा आणि श्रोत्यांस शुभाशीर्वाद देऊन खाली बसावे, असा शिष्टसंप्रदाय आहे. तो मला मान्य आहे. परंतु ते काम माझ्याहून अधिकारी वक्ते आज करणारच आहेत. म्हणून ते त्यांच्याकडे सोपवून, आपल्या घराघरांत हलक्या आवाजात चालणारा एक विषय मी आपणांपुढे उघडपणे मांडू इच्छितो. तो विषय म्हणजे उच्च शिक्षणाकरिता काढावे लागणारे कर्ज.

आपले बोरगाव विद्येच्या अगदी शेजारी वसलेले आहे. १९६९ साली सेवाग्रामास वैद्यकीय महाविद्यालय निघाले. १९९० साली सावंगी मेघे येथे दुसरे निघाले. १९९७ साली वर्ध्यास हिंदी विश्वविद्यालय स्थापन झाले. आपली मुले रोज ह्या संस्थांच्या दारांवरून जातात. तथापि शुल्काचा आकडा पाहिला म्हणजे पुष्कळ बापांची स्थिती ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ अशी होते. पूर्वीच्या पिढीस मुलगा परीक्षा उतरेल की नाही, ही काळजी असे. आज मुलगा उतरतो, मुलगी तर त्याच्याही पुढे जाते, आणि काळजी उरते ती पैसा कोठून आणावा ह्याची.

कोणी म्हणेल, व्याज आणि हप्ते ह्यांचा विचार पेढीवर व्हावा. ख्रिस्तमंदिराच्या आवारात तो कशाला? ह्या शंकेचे उत्तर पवित्र शास्त्रच देते. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात एका विधवेची कथा आहे. तिचा पती देवभीरू होता, परंतु डोक्यावर कर्ज ठेवून तो वारला. आणि धनको तिच्या दोन्ही मुलांस दास करून नेण्यास सिद्ध झाला. ती अलीशा संदेष्ट्याकडे धावली. संदेष्ट्याने प्रथम, तिच्या घरात काय आहे, हेच विचारले. तेलाच्या एका कुपीवाचून घरात काही नव्हते. मग त्याने तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून रिकामी भांडी मागून आणावयास लावली. ती भांडी भरली. तेल विकून तिने ऋण फेडले, आणि उरलेल्यावर मायलेकरांचा चरितार्थ चालला.

ह्या कथेत तीन गोष्टी आहेत. घरात काय आहे ह्याचा हिशोब ही पहिली. शेजाऱ्यांनी दिलेली भांडी ही दुसरी. आणि फेड केल्यावरही जगण्यापुरते उरले पाहिजे ही तिसरी. माझे आजचे भाषण ह्या तीन गोष्टींचाच विस्तार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करावयास हवा. ‘ऋण काढून सण’ करणाऱ्यास आपल्या समाजाने नावे ठेविली, ती योग्यच होत. परंतु विद्या हा सण नव्हे. विद्येकरिता घेतलेले ऋण हे पेरणीकरिता घेतलेल्या बियाण्यासारखे असते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही, आणि ही गोष्ट ख्रिस्तसभेने फार पूर्वीच ओळखिली होती. १२४० साली लिंकनचे महागुरुस्वामी रॉबर्ट ग्रोसटेस्ट ह्यांनी ऑक्सफर्ड येथील गरीब विद्यार्थ्यांकरिता एक पेटी स्थापन केली. विद्यार्थ्याने आपली एखादी वस्तू, बहुधा ग्रंथ, तारण म्हणून ठेवावी आणि पेटीतून बिनव्याजी रक्कम न्यावी, अशी तिची पद्धत होती. त्या काळी ग्रंथ हाताने लिहिले जात व ते अतिशय महाग असत. म्हणून ते तारण हलके नव्हते. पुढे १४६२ साली इटलीत पेरूजा नगरात फ्रान्सिस्कन संन्याशांच्या प्रेरणेने गोरगरिबांस अल्प मोबदल्यात कर्ज देणारी संस्था निघाली. आणि कामकाजाच्या खर्चापुरता असा मोबदला घेणे हे पाप नव्हे, असा निर्णय परमगुरुस्वामी दहावे लिओ ह्यांच्या काळी, १५१५ साली, लॅटेरन येथील धर्मपरिषदेने दिला.

इतके दूर तरी कशास जावे? आपल्याच महाराष्ट्रात वसईच्या शेतकऱ्यांस सावकारी पाशांतून सोडविण्याकरिता मोन्सिन्योर पी. जे. मोनीस ह्यांनी १९१८ साली सहकारी पतसंस्थेचा पाया घातला. तीच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. वसईच्या लोकांपाशी त्या वेळी मोठी संपत्ती नव्हती. एकमेकांवरील विश्वास तेवढा होता. त्या विश्वासाचेच त्यांनी भांडवल केले.

आता विद्येकरिता ऋण अंगावर घेणाऱ्या एका महापुरुषाचे चरित्र पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे १९१३ साली न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड ह्यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर. ती शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची व तीन वर्षांची होती. परंतु ती निव्वळ देणगी नव्हती. शिक्षण पुरे होताच दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करीन, असा करार त्यांस लिहून द्यावा लागला होता. १९१७ साली मुदत संपल्याने लंडनचा अभ्यास अर्धा टाकून ते परतले व कराराप्रमाणे बडोद्यास रुजू झाले. तेथे ह्या उच्चविद्याविभूषित पुरुषास केवळ जातीमुळे राहावयास घर मिळेना. पारशांच्या उतारगृहातून त्यांस हुसकावून लावण्यात आले, आणि थोड्याच दिवसांत त्यांना बडोदे सोडावे लागले. ऋणको फेडावयास तयार असूनही समाजच फेडीचा मार्ग बंद करू शकतो, हे ह्या प्रकरणावरून दिसते.

परंतु कथा येथे संपत नाही. मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करीत असता त्यांनी पैपैसा साठविला. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी साहाय्य केले, आणि नवल भथेना ह्या पारशी मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले. ह्या तिन्ही आधारांवर १९२० साली ते पुनः लंडनास गेले आणि अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करून १९२३ साली परत आले. पारशी उतारगृहातून ज्यास बाहेर काढले, त्यास पारशी मित्रानेच हात दिला! तरुणांनो, आपली बचत, थोरांचे साहाय्य आणि मित्राचे कर्ज, हा क्रम ध्यानात ठेवा. कर्ज त्यात होते. परंतु ते शेवटी होते आणि एकटे नव्हते.

ह्याच संदर्भात आपल्या वर्ध्याचेही स्मरण केले पाहिजे. १९३७ साली ऑक्टोबरच्या २२ व २३ तारखांस महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली येथे राष्ट्रीय शिक्षणपरिषद भरली होती. शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न त्या वेळी मुख्य होता. मुलाने हस्तोद्योग शिकावा आणि त्या उद्योगाच्या उत्पन्नातून शिक्षकाच्या वेतनास हातभार लागावा, हा गांधीजींचा आग्रह. उच्च शिक्षणाविषयी तर त्यांचे मत असे होते की, ज्या उद्योगधंद्यांस अभियंते पाहिजेत त्यांनीच त्यांच्या शिक्षणाचा भार उचलावा. परिषदेने नेमिलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीत जे. सी. कुमारप्पा व ई. डब्ल्यू. आर्यनायकम हे दोघे ख्रिस्ती गृहस्थ होते, ही आपणांस अभिमानाची गोष्ट आहे. कुमारप्पा हे व्यवसायाने हिशोबतपासनीस. वर्ध्याच्या मगनवाडीत राहून त्यांनी गावाच्या अर्थव्यवहाराचा विचार केला, आणि १९३४ च्या बिहार भूकंपाच्या वेळी मदतनिधीचा हिशोब त्यांच्याचकडे होता. इकडे साताऱ्यास कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी वसतिगृह चालवून मुलांस कमवीत शिकविले; आणि त्या मुलांच्या अन्नाकरिता त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांनी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रदेखील, मोडले.

काळ पालटला. आज शिक्षणाचा भार ना पूर्णपणे सरकार उचलते, ना उद्योगपती. तो विद्यार्थ्याच्या व त्याच्या आईबापांच्या खांद्यावर आला आहे. म्हणून २००१ साली भारतीय बँकांच्या संघाने शैक्षणिक कर्जाची एक आदर्श योजना तयार केली. तिच्याप्रमाणे चार लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत तिऱ्हाइताची जामीनकी, आणि त्याहून मोठ्या रकमेस मालमत्तेचे तारण, अशी साधारण रीत आहे. अभ्यासक्रमाची वर्षे आणि वर एक वर्ष हप्ते भरावे लागत नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम विद्यालक्ष्मी’ योजना मंजूर केली. तीत देशातील निवडक संस्थांत प्रवेश मिळविणाऱ्यास तारणावाचून व जामिनावाचून कर्ज मिळण्याची सोय आहे.

आता कथेतील पहिली गोष्ट, घरातील कुपी. मजकडे पुष्कळ पालक बँकेचे कागद वाचून घेण्याकरिता येतात. आणि दुःखाची गोष्ट ही की, बहुतेक सह्या करून झाल्यावर येतात. मनोरा बांधू इच्छिणाऱ्याने अगोदर बसून खर्चाचा अंदाज करावा, असा दृष्टान्त प्रभूने दिला आहे. तेव्हा आपणही थोडे बसून गणित करू.

समजा, एक मुलगी चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमास गेली आणि तिने दरवर्षी एक लाख, असे चार लाख रुपये उचलले. व्याजाचा दर गणितास सोपा म्हणून शेकडा दहा धरू. प्रत्यक्ष दर बँकेगणिक निराळा असतो. हप्ते सुरू होईपर्यंतच्या पाच वर्षांत सरळ व्याजाने पहिल्या लाखावर पन्नास हजार, दुसऱ्यावर चाळीस, तिसऱ्यावर तीस आणि चौथ्यावर वीस हजार, मिळून १ लाख ४० हजार व्याज होते. म्हणजे ‘आता हप्ते भरावयाचे नाहीत’ ह्याचा अर्थ ‘आता व्याज चढत नाही’ असा नव्हे. हे व्याज मुद्दलात मिळविले म्हणजे फेड ५ लाख ४० हजारांपासून सुरू होते. दहा वर्षांत फेडावयाचे तर दरमहा सुमारे ७,१४० रुपये, आणि एकूण भरणा सुमारे ८ लाख ५६ हजार. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता सुमारे ५,८०० वर उतरतो. परंतु एकूण भरणा १० लाख ४४ हजारांवर जातो. लहान हप्ता हा नेहमी स्वस्त हप्ता असतो असे नाही.

उलट, शिक्षण चालू असताच घरच्यांनी केवळ व्याज भरीत राहिले, तर काय होईल? पहिल्या वर्षी महिन्यास सुमारे ८३५ रुपये पडतात. चौथ्या व पाचव्या वर्षी ते ३,३३५ पर्यंत चढतात. हे ज्यांस झेपेल त्यांची फेड चार लाखांपासूनच सुरू होते. दहा वर्षांचा हप्ता सुमारे ५,२९० होतो, आणि सर्व मिळून ८० हजारांहून अधिक रुपये वाचतात. शिवाय मुदतीपूर्वी रक्कम भरल्यास त्या आदर्श योजनेप्रमाणे दंड पडत नाही. हे गणित कठीण नाही; सही करण्यापूर्वी ते एकदा कागदावर मांडले मात्र पाहिजे.

कर्जाच्याही अगोदर, कर्ज न काढता काय मिळते ते पाहावे. राज्य सरकारने २०२४-२५ पासून, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या पात्र प्रवर्गांतील मुलींस व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क माफ केले आहे. इतर शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात, व ते मुदतीतच भरावे लागतात. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांकरिता २००९ पासून केंद्राची व्याजसवलत आहे. मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमास ती लागू झाली, तर वरील उदाहरणातील १ लाख ४० हजारांचा भार उतरतो. आपण अल्पसंख्याक असल्याने २००० साली स्थापन झालेल्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडेही अल्प व्याजाच्या शैक्षणिक कर्जाकरिता अर्ज करता येतो. ह्या सवलती आपोआप घरी चालत येत नाहीत. विचारणाऱ्यास त्या मिळतात.

आता कडू गोष्ट सांगतो. बँकेचा हप्ता मुलाच्या पगाराकडे पाहत नाही. ऑस्ट्रेलियात १९८९ पासून अशी रीत आहे की, मिळकत ठराविक मर्यादेवर गेली तरच विद्यार्थ्याने फेड करावी. आपल्याकडे नोकरी लागो वा न लागो, पगार आठ हजार असो वा ऐंशी हजार, तारीख आली की हप्ता आला. कर्जमाफीची आशा धरून कोणी बसू नये. २००८, २०१७ व २०१९ साली ज्या माफ्या जाहीर झाल्या त्या शेतीकर्जाच्या होत्या. शैक्षणिक कर्ज त्यांत नव्हते. धनाढ्य अमेरिकेतही चार कोटींहून अधिक लोक ह्या ऋणाखाली आहेत, आणि तेथे अध्यक्षांनी योजिलेली माफी जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली.

दुसरे असे की, ह्या कर्जात बाप बहुधा सहकर्जदार असतो. मुलाचे हप्ते थकले तर पत बापाचीही जाते. आणि पुढल्या मृगात पीककर्ज मागावयास तो गेला असता थकबाकी त्याच्यासमोर उभी राहते. वर्धा जिल्हा हा २००६ साली पंतप्रधानांच्या विशेष साहाय्यात घ्याव्या लागलेल्या विदर्भाच्या सहा कर्जग्रस्त जिल्ह्यांपैकी एक आहे. कर्ज माणसास कोठवर नेते, हे आपणांस निराळे सांगावयास नको. म्हणून मी आपणांस कळकळीने विनवितो की, कर्जापेक्षा कर्जाविषयीचे मौन अधिक घातक आहे. हप्ता चुकणार असे दिसताच, चुकण्यापूर्वी, बँकेत जाऊन लेखी अर्ज द्या. मुदत वाढवून मागता येते. वसुलीच्या माणसाने सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर तगादा लावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. बँकेने तक्रारीस तीस दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. आणि एक कर्ज फेडण्याकरिता मोबाइलवरून मिळणारे दुसरे महाग कर्ज काढणे म्हणजे आगीतून फुफाट्यात जाणे होय.

तरुणांनो, प्रवेश घेण्यापूर्वी त्या संस्थेतून गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्यांस भेटा आणि त्यांस पहिला पगार काय मिळाला ते विचारा. जाहिरातीतील आकडा हा पगार नव्हे. आणि पालकांनो, आपणांसही दोन शब्द. शेवटचे एकर विकून मुलास शिकवू नका. कारण विद्या फळास येईपर्यंत घरास खावे लागते. विधवेच्या कथेतील तिसरी गोष्ट, उरलेले तेल, ती हीच. मुलाची नोकरी लांबली तर जेवणाच्या ताटावर कर्जाचा उल्लेख काढू नका. तसेच, कर्ज असलेल्या मुलीस कोण करून घेईल, ह्या भीतीने मुलीचे शिक्षण थांबवू नका. जी मुलगी आपल्या श्रमाने आपले ऋण फेडते तिच्याहून मोठा हुंडा कोणत्या घरी येणार? मात्र विवाह ठरविताना कर्ज लपवू नये. उभय पक्षांनी ते उघड बोलावे.

शेवटी दुसरी गोष्ट, शेजाऱ्यांची भांडी. ती मी मुद्दाम अखेरीस ठेविली, कारण ती आपणां सर्वांची आहे. मोठे कर्ज बँक देईल. परंतु पुष्कळ मुले अडतात ती लहान रकमेवर. वसतिगृहाची अनामत, परीक्षेचे शुल्क, प्रवेशाच्या दिवशी भरावयाचे दहा हजार, किंवा नोकरी सुटल्यावरचे दोन हप्ते. बँकेची मंजुरी येण्यास आठवडे लागतात, प्रवेशाची मुदत मात्र आज सायंकाळी संपते, आणि बाप सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. ह्याच ठिकाणी आपले काम आहे. ऑक्सफर्डच्या पेटीसारखी एक लहानशी विद्यापेटी आपल्या धर्मग्रामाने स्थापावी, अशी माझी सूचना आहे. तीतून बिनव्याजी रक्कम द्यावी. घेणाऱ्याचे नाव गुप्त ठेवावे, परंतु जमाखर्च वर्षातून एकदा सर्वांसमक्ष वाचावा. व्यवहार तिघांच्या सहीवाचून होऊ नये, आणि त्या तिघांत एक तरी माता असावी. न्यासाचे नियम व कायदा जाणणाऱ्यांचा सल्ला घेऊनच हे करावे. ज्यास नोकरी लागली त्याने आपली रक्कम परत करावी, आणि शक्य तर पुढल्या विद्यार्थ्याकरिता थोडी अधिक ठेवावी. तिला व्याज म्हणू नये, कृतज्ञता म्हणावे.

महोत्सवाकरिता जमलेल्या निधीतून कमान उभारावी, असे काही बंधूंचे म्हणणे आहे. त्यांच्या भक्तिभावाविषयी मला आदर आहे. परंतु कमानीचा रंग दोन पावसाळ्यांत उतरतो. पेटीतून शिकलेली एक परिचारिका तीस वर्षे आजाऱ्यांची सेवा करते. निधीचा निदान अर्धा भाग ह्या पेटीत पडावा, अशी मी आपणांस विनंती करतो. निर्णय धर्मग्राम समितीने व आपण सर्वांनी करावा.

आपल्यापैकी प्रत्येक जण कोणाचा तरी ऋणी आहे. आपणांस वाचावयास शिकविणाऱ्या गुरुजनांचे व सिस्टरांचे, उपाशी राहून वह्या घेऊन देणाऱ्या आईचे ऋण कोणत्याही बँकेत भरता येत नाही. ते पुढल्या पिढीसच भरावे लागते. विधवेच्या घरी शेजाऱ्यांची भांडी आली तोवरच तेल वाहत राहिले. भांडी संपली, तेव्हा तेल थांबले. आपल्या घरांतील भांडी थोडकी न पडोत, आणि दयाघन प्रभू ती भरून टाको, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.